उतरलेले : शून्य

विहिरीच्या काठावर उभं राहून कुणी काही विचारलं की सूर्यभान बहिरा होतो. एरवी त्याचे कान इतके तिखट, की माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत चहाचं आधण ठेवलं तरी त्याला रस्त्यावर कळतं. पण "सूर्यभानभाऊ, उतरू का?" असं कुणी म्हणालं की हा माणूस तंबाखू मळणार, आभाळाकडे बघणार, बांधावरच्या बाभळीला शेंगा किती आल्यात ते न्याहाळणार. जा म्हणणार नाही. नको मात्र म्हणतो, आणि असं म्हणतो की दुसऱ्यांदा विचारायची सोय राहत नाही.

पेडगावात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. मी मूळचा इथला नाही, त्यामुळे गावाच्या जुन्या गोष्टी मला अर्ध्याच माहीत. शेतकऱ्याची मोटार जळते विहिरीच्या तळाशी आणि मी बसतो दुकानात. मधलं सगळं अंतर सूर्यभानचं. गाळात रुतलेली मोटार, तुटलेला पाइप, पडलेली बकरी, सगळं तोच वर काढतो. वय साठीला टेकलंय. अंगावर मांस असं नाहीच. पण बांधीव विहिरीच्या दगडांत बोटं रोवून तो घरातला जिना उतरावा तसा खाली जातो. दोर लावा म्हटलं तर म्हणतो, "दोर मोटारीसाठी आसतो."

उतरण्याआधी त्याचं एक ठरलेलं काम असतं. काठावर शेंदूर लावलेले दगड असले तर त्यांना, नसले तर नुसत्या पाण्याला हात जोडायचे. मग भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात पणती पेटवून ठेवायची आणि तो डबा सुतळीनं हळूहळू खाली सोडायचा, तळापर्यंत. वर ओणवं होऊन विचारायचं, "येऊ का?" विहिरीत आसरा राहतात, पाण्याच्या सात बहिणी, त्यांची इजाजत घ्यायची. दिवा जळत राहिला तर इजाजत मिळाली. विझला तर सामान गोळा करून घरी.

मी त्याची यावरून लय थट्टा केली आहे. "काय सूर्यभानभाऊ, आज आसराबाई घरी आहेत का?" वगैरे. तो हसायचा. आता खरं सांगतो. ही इजाजतीची भानगड काय आहे ते मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. बंद विहिरीत पालापाचोळा कुजतो, तळाला खराब हवा साचते, तिथं दिवा जळत नाही आणि माणूसही टिकत नाही. आयटीआयला शिकलेला माणूस मी, मला कळणारच. पण मी कधी बोललो नाही. का बोलायचं? दिवा तर तो सोडतच होता. काम चाललं होतं. शिवाय थट्टेत मला मजा येत होती, हेही कबूल करून टाकतो.

माझी मुलगी वैष्णवी परभणीला इंजिनीअरिंगला आहे. दोन वर्षांपूर्वी ती कॉलेजच्या कुठल्याशा शिबिराला गेली, तिथं कातळ चढायला शिकली आणि घरी आली ती वेड घेऊनच. आता आमच्या जिल्ह्यात चढायला आहे काय? जिंतूरकडे थोडे डोंगर, बाकी सगळी काळीभोर सपाट जमीन. मला वाटलं, बरं झालं, खूळ आपोआप जाईल. कसचं काय! तिच्या वर्गातल्या ओमप्रकाशनं डोकं चालवलं. कडे वर नसतील तर खाली आहेत, म्हणाला. परभणीची पोरं उन्हाळ्यात आटलेल्या विहिरींत दोर लावून उतरायला आणि दगडी बांधकामावरून वर चढायला लागली. डोक्याला हेल्मेट, कमरेला पट्टे, दोर ट्रॅक्टरला बांधलेला. शेतकरी बांधावर बसून शेंगा खात बघायचे.

सूर्यभानला ती पोरं देव मानायची. वैष्णवी त्याला म्हणायची, "काका, तुम्ही शहरात असता तर तुमचे फोटो लागले असते." तो म्हणायचा, "फोटू लागंल माय, जरा दम धर." स्वतःच्या मरणावर असा विनोद करून तो स्वतःच खोकेपर्यंत हसायचा.

मग ओमप्रकाशनं ॲप काढलं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून. कुठली विहीर किती खोल, दगड पक्का की सुटलेला, मालकाचा फोन नंबर, आजवर किती जण उतरले. तुम्ही काय काय चढलात ते बघून ॲप पुढची विहीर सुचवायचं. माझी बायको मोबाइलवर एक साडी बघते आणि मग महिनाभर तिला साड्याच दिसतात, तसाच प्रकार. मी ओमप्रकाशला टोकलंही होतं, "अरे, साडी नेसून कोणी मरत नाही." तर तो म्हणाला, "काका, ॲप नसतं तरी मुलं जाणारच. आंधळी जाण्यापेक्षा माहिती घेऊन गेलेली बरी. वालूरकडच्या एका विहिरीचं बांधकाम सुटलंय हे ॲपवर वाचून सेलूची चार मुलं परत गेली." हे मला पटलं. रात्री आडवा झालो तेव्हा पुन्हा पटेना. सकाळी पुन्हा पटलं. माझं त्या ॲपबद्दलचं मत तेव्हापासून असंच आहे.

त्या ॲपसाठी विहिरींची यादी घ्यायला ओमप्रकाश आणि वैष्णवी फाल्गुनात माझ्या दुकानात बसले होते. सूर्यभान बोटांवर मोजून सांगत होता. पेडगावच्या नऊ, झरीच्या पाच, रस्त्यावरच्या दोन. वैष्णवीनं विचारलं, "अजून?"

सूर्यभाननं मोजायचं बोट मिटलं. मग म्हणाला, "भागवतची हाय माळाकडची. चिंचंखालची. पर तिथं कोणी उतरत न्हाई."

"किती खोल?"

"आठ परस."

म्हणजे आठ माणसं एकावर एक. ओमप्रकाशनं ते घातलं. उतरलेले लोक या रकान्यात लिहिलं शून्य. वैष्णवीनं टीप म्हणून लिहिलं, 'उतरण्याआधी विहिरीत दिवा सोडण्याची स्थानिक प्रथा आहे.' ओमप्रकाश म्हणाला, श्रद्धेचा विषय नको, उगाच कुणाला काही वाटायचं. तिनं सूर्यभानला विचारलं, "काका, दिवा नाही सोडला तर काय होतं?"

"आसरा रुसत्यात."

ती गोड हसली आणि टीप खोडून टाकली. मी समोरच तांब्याची तार गुंडाळत बसलो होतो. माझ्या तोंडाला कुलूप नव्हतं. पण त्या म्हाताऱ्याच्या देवाला त्याच्याच तोंडावर गॅस म्हणायचं माझ्या जिवावर आलं. आणि वाटलं, इंजिनीअरिंगची पोरं, त्यांना काय कळत नसेल? आतापर्यंत ती पोरं उतरली त्या सगळ्या उघड्या, रुंद, वापरातल्या विहिरी. काही झालं नव्हतं.

चैत्र संपत आला होता. रविवारची सकाळ. सूर्यभान रविवारी आमच्या ओसरीवर चहाला असतो, तसा होता. वैष्णवी तयार होऊन बाहेर आली, खांद्यावर पट्ट्यांची पिशवी. मोबाइल बघत मोठ्यानं वाचायला लागली, "वैष्णवी, झरीची विहीर तुम्हाला आवडली होती. ही त्याहून खोल आहे. इथे अजून कोणीही उतरलेलं नाही. पहिले व्हा!" आणि म्हणाली, "पप्पा, भागवतकाकांच्या विहिरीवर चाललोय. ओमप्रकाश पुढं गेलाय दोर बांधायला. त्यालाही ॲपनं हेच सुचवलं."

भागवत आठ-दहा वर्षांपासून पुण्यात असतो. विहीर पडीक. वर चिंच, आत दरसाल पडणारा पाला, उपसा नाही, वापर नाही. मी कप खाली ठेवला. पण माझ्याआधी सूर्यभान बोलला.

"नको."

वैष्णवी थांबली. सूर्यभान नको म्हणतो तेव्हा सगळेच थांबतात. "का, काका?"

"तिथं इजाजत न्हाई."

"काका, तुम्ही म्हणाल तर मी हात जोडते, नारळ फोडते. पण खरं कारण सांगा ना. दगड सुटलाय का?"

"दगड पक्का हाय."

"मग?"

सूर्यभानकडे दुसरं कारण नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे तुमी तरी समजवा. आणि मला बोलावं लागलं. "तळाला खराब हवा आहे वैष्णवी. गॅस म्हण. कुजलेल्या पाल्याची. दिवा विझतो तो त्याच्यामुळं. काका दिवा सोडतात ते त्यासाठीच."

वैष्णवी माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत होतं? यादी करताना तुम्ही समोर होतात, पप्पा."

"होतो."

"मी टीप खोडली तेव्हा?"

"तेव्हाही होतो."

तिनं ओमप्रकाशला फोन लावला. लागला नाही, माळावर रेंज नसते. सूर्यभान मात्र पोरीकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. "गॅस?" त्यानं विचारलं. एवढंच. मग उठून घरी गेला, बायकोकडून, दगडाबाईकडून, दिव्याचा डबा मागून घेतला आणि माझ्या मोटारसायकलवर मागे येऊन बसला. वैष्णवी स्कूटीवर आमच्या पुढं सुसाट.

माळापर्यंत दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मी काय काय कबूल केलं असेल, देवाजवळ, आसरांजवळ, कुणाजवळही! पोहोचलो तर दोर चिंचेला बांधलेला, ताठ. ओमप्रकाश हेल्मेट घालून काठाच्या खाली पाचेक फूट उतरलेला. वैष्णवी एवढ्यानं किंचाळली की तो दगडाला चिकटलाच. "वर ये! आधी वर ये!"

तो वर आला, वैतागलेला. "अगं, झालं काय?"

सूर्यभाननं पणती पेटवली, डबा सोडला. आम्ही चौघं काठावर ओणवे. चार परस गेला तोवर ज्योत दिसत होती. पाचव्याला ती आखूड झाली, आणि गेली. खाली काळोख.

"वाऱ्यानं विझला असेल," ओमप्रकाश म्हणाला.

सूर्यभान एकदम त्याच्याकडे वळला. मला वाटलं, मारतो आता. पण त्यानं डबा वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच जागी विझला. तिसऱ्यांदाही तिथंच. वारा दर वेळी एकाच खोलीवर दिवा विझवत नाही, हे ओमप्रकाशलाही कळलं. तो मटकन खाली बसला. मी त्याला पाणी दिलं आणि खरं तर मलाच हवं होतं.

थोड्या वेळानं सूर्यभान म्हणाला, "पोरी, त्यात काय लिवलंय ते वाच."

ॲपमधली पानं आधीच फोनात साठवलेली होती. वैष्णवीनं वाचलं. "भागवत यांची विहीर. खोली आठ परस. दगड पक्का. उतरलेले, शून्य."

"शून्य न्हाई."

"काय, काका?"

"एक."

मग तो बोलला. मी बावीस वर्षांत त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. त्याचा थोरला भाऊ चंद्रभान. मला एवढंच माहीत होतं की तो विहिरीत गेला. बुडाला असेल असं मी धरून चाललो होतो. सूर्यभान तेव्हा वीस वर्षांचा. त्या साली ही विहीर बरेच महिने बंद होती, भागवतच्या बापानं गाळ काढायला दोघा भावांना बोलावलं. काम शिकवलेल्या म्हाताऱ्यानं सांगितल्याप्रमाणे दिवा सोडला. दिवा विझला.

"दादा म्हणला, काय करू? उतरू का? मी म्हणलो, वाऱ्यानं इझला आसंल. उतर. औंदा आजून कोणी उतरलं न्हाई हितं, तूच पयला."

ओमप्रकाशनं मान खाली घातली. वैष्णवीच्या हातात मोबाइल तसाच उघडा होता. पहिले व्हा, हे शब्द तिथं असणार, पण कुणी बघितलं नाही.

"आर्ध्यात गेला आन् हात सुटला. आवाज बी न्हाई केला. गाव म्हणलं, आसरांनी न्हाई म्हणलं आसताना गेला, म्हणून नेला. मीच पाठवला व्हता त्याला. तवापासून कुणाला उतर म्हणलं न्हाई. दर विहिरीवर हात जोडून माफी मागायलोय. आडतीस वर्सं झाली." मग तो माझ्याकडे वळला. "व्यंकटराव, तुमी म्हणता गॅस. मंग आसरांचा राग नव्हताच?"

"नव्हता, भाऊ."

"मंग मी कोणाची माफी मागायलोय?"

मला वाटलं होतं, खरं कळल्यावर माणूस हलका होतो. हा तर तिथल्या तिथं जड झाला. राग आसरांचा असता तर त्याला हात जोडायला कुणीतरी होतं. मी बावीस वर्षं त्याच्या देवाची थट्टा केली आणि त्या दिवशी पाच शब्दांत देव काढून घेतला, बदल्यात काय दिलं? पण नसतं काढून घेतलं तर माझी पोर कुठं असती? दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्या डोक्यात होत्या, अजूनही आहेत, आणि त्यांचं एकमेकींशी जमत नाही.

ओमप्रकाश म्हणाला, "मी ही विहीर ॲपवरून काढून टाकतो. आत्ताच. सुचवण्याचा भागच काढून टाकतो."

"काढली की मोकळाच झालास की," वैष्णवी म्हणाली. "उद्या दुसरं कुणी येईल आणि त्याला वाटेल, आपणच शोधली." मग तिनं सूर्यभानला विचारलं, "काका, काय लिहू? आसरा लिहू की गॅस?"

सूर्यभान विहिरीत बघत होता. "चंद्रभान लिही," तो म्हणाला.

रेंज आल्यावर तिनं लिहिलं. उतरलेले, एक : चंद्रभान. ओमप्रकाशनं त्याखाली नवा रकाना केला, परत आलेले. त्यात शून्य घातलं. सूर्यभानला वाचता येत नाही. त्यानं ते दोनदा वाचून घेतलं आणि दुसऱ्यांदा वाचताना डोळ्याला पंचा लावला.

ओमप्रकाशनं आता हवा मोजायचं यंत्र मागवलं आहे. तो सांगतो की दिवा जळत असला म्हणजे सगळं ठीक असंही नाही. काही वायू दिव्याला कळत नाहीत, काही उलट पेट घेतात. हे ऐकून मी आणखी गोंधळलो. सूर्यभाननं फक्त विचारलं, "मंग इतकी वर्सं मी कसा वाचलो?" ॲप चालू आहे. सुचवतंही, पण पहिले व्हा म्हणत नाही. पुरेसं आहे का ते? मला विचारू नका.

परवा झरीला एक मोटार काढायची होती, वैष्णवी बरोबर आली. ओमप्रकाशचं यंत्र आधी खाली गेलं आणि वर आलं. आकडे ठीक होते. मग सूर्यभाननं डबा काढला. हात जोडायला गेला, मधेच थांबला, हात तसेच हवेत. मी तोंड दुसरीकडे फिरवलं. पुन्हा बघितलं तेव्हा दिवा खाली चालला होता आणि तो ओणवा होऊन हळू म्हणत होता, "दादा, येऊ का?"

दिवा तळाला जाऊन जळत राहिला. वैष्णवीनं पट्टे आवळले, दोर तपासला आणि विचारलं, "काका, मी उतरू?"

सूर्यभाननं तंबाखू काढली आणि आभाळाकडे बघायला लागला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी, ज्याला गप्प बसल्याचा एवढा पश्चात्ताप झालाय तो मी, तोंड उघडलं आणि काय बोलावं ते सुचेना. मग तिनं मोबाइल पिशवीत टाकला आणि काठावर पालथी पडून, खाली त्या दिव्याकडे बघत राहिली.